'डेला काढा' म्हणणाऱ्यांत मीही होतो

एकतीस डिसेंबर २०२५ च्या रात्री कॉटन बोल नावाच्या सामन्यात आम्ही, म्हणजे ओहायो स्टेटची फुटबॉल टीम, मायामीकडून २४-१४ हरलो आणि नवं वर्ष लागायच्या आत आमच्या कोलंबसच्या मराठी ग्रुपवर पहिला मेसेज येऊन पडला: "बास झालं आता. डेला नारळ द्या." डे म्हणजे आमचा कोच. मेसेजखाली पटापट अंगठे. मग एकाने इंडियानाविरुद्धचा स्कोअर टाकला, १३-१०. दुसऱ्याने २०२४ चा मिशिगनविरुद्धचा टाकला, तोही १३-१०. पहाटे दोनपर्यंत वाद चालला होता. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण मला जे म्हणायचंय ते चार ओळींत मावणारं नाही. आज सवडीने लिहितोय.

भारतातल्या मित्रांसाठी थोडं आधी सांगतो. हा फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा. खेळणारी पोरं कॉलेजची, अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची, पण स्टेडियम १,०२,७८० माणसांचं आणि ते भरतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा हेड कोच रायन डे याचा पगार वर्षाला सव्वा कोटी डॉलर. आणि वर्षातले सगळे सामने एकीकडे, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारचा मिशिगनविरुद्धचा सामना एकीकडे. त्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर इंग्रजी 'एम' अक्षर दिसेल तिथे त्याच्यावर लाल टेपची फुली मारतात. मिशिगनला हरवलं की खेळाडूंना सोन्याच्या पँटच्या आकाराचं छोटंसं लॉकेट मिळतं, १९३४ पासूनची पद्धत आहे.

मी २००६ च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आलो. त्याच नोव्हेंबरात पहिल्या क्रमांकाचं ओहायो स्टेट आणि दुसऱ्या क्रमांकाचं मिशिगन एकमेकांसमोर आले आणि आम्ही ४२-३९ जिंकलो. मला नियमसुद्धा धड कळत नव्हते, पण वातावरण लगेच कळलं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वडिलांच्या मांडीला मांडी लावून पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅचेस बघत मोठा झालो. पेठेपेठेतली ती ईर्षा ज्याने अनुभवली आहे, त्याला ओहायो आणि मिशिगन समजावून सांगावं लागत नाही.

आता ३० नोव्हेंबर २०२४. मुलाला घेऊन गेलो होतो. तो बारा वर्षांचा, गळ्यात बकआयच्या बियांची माळ, आमच्या टीमचं नाव याच झाडावरून. ही बी म्हणजे सागरगोट्याएवढी, चकचकीत तपकिरी, वर एक फिकट डोळा. कडाक्याची थंडी, खालचा बाक बर्फासारखा गार. आम्ही देशात दुसऱ्या क्रमांकावर आणि मिशिगन सहा जिंकून पाच हरलेलं. सट्टेवाले आम्हाला जवळजवळ वीस गुणांनी वरचढ मानत होते. आणि सबंध दुपार आम्ही काय केलं, तर मिशिगनची फळी जिथे सगळ्यात भक्कम होती तिथेच, मधोमध, चेंडू घेऊन डोकं आपटत राहिलो. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारा, बाहेर मोकळा उभा आणि आम्ही मधूनच. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, विल हॉवर्ड याचे दोन पास मिशिगनने पकडले, आमच्या किकरने दोन सोप्या किक चुकवल्या. ४५ सेकंद उरली असताना मिशिगनने फील्ड गोल मारला, म्हणजे किक मारून चेंडू खांबांमधून घालवला, तीन गुण. १३-१०. सलग चौथ्या वर्षी मिशिगनकडून हार.

माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्क गृहस्थ बसायचे. कित्येक हंगाम आम्ही एकमेकांना नुसती मान हलवून ओळख देत होतो. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसले. खाली मैदानाच्या मध्यावर मिशिगनची पोरं झेंडा रोवायला गेली, मारामारी जुंपली, पोलिसांनी मिरपूड फवारली. त्या गृहस्थांनी तिकडे मान वर करूनही पाहिलं नाही. जिन्याने उतरताना लोक कोचचं नाव घेऊन ओरडत होते. मीही ओरडलो. मुलासमोर ओरडलो. पार्किंगमधून गाडी बाहेर निघायच्या आत ग्रुपवर लिहून टाकलं, "याला आजच्या आज हाकला."

रात्री वडिलांना फोन लावला, तिकडे रविवारची सकाळ. वडील तरुणपणी तालमीत होते, नंतर पेठेच्या टीमच्या मागे बरीच वर्षं उभे राहिले. मी सगळं सांगितलं, चार वर्षांचा पाढा वाचला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरली म्हणून लगेच वस्ताद बदलतात व्हय रं?" मी म्हटलं, बाबा, इथे सव्वा कोटीचा धंदा आहे. (तेव्हा पगार थोडा कमी होता, पण मुद्दा तोच.) त्यावर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पोरं काय म्हणत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. पोरं काय म्हणतात हे मी पाहिलंच नव्हतं.

त्या प्रश्नाचं मोल मला पुढच्या सात आठवड्यांत कळलं. त्या हारीनंतर खेळाडू आणि कोच बंद दाराआड समोरासमोर बसले, मनातलं सगळं ओकून टाकलं. त्यात जॅक सॉयरसारखी पोरं होती. सॉयर इथलाच, कोलंबसजवळच्या पिकरिंग्टनचा. वर्षभर आधीच प्रोफेशनल व्हायला मोकळा होता, पण मिशिगनला हरवायचं म्हणून थांबला होता आणि चार वर्षांत त्याला ते लॉकेट एकदाही मिळालं नाही. कोचला दोष द्यायचा सगळ्यात पहिला हक्क त्याचा. त्याने आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांनी तो वापरला नाही. ती डेसाठी खेळली.

आता मला जे सांगताना जड जातंय ते सांगतो. २१ डिसेंबरला प्लेऑफचा, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचा, पहिला सामना आमच्याच मैदानावर होता, टेनेसीविरुद्ध. माझ्याकडे दोन तिकिटं होती. राग इतका होता की मी ती विकली. माझ्यासारखं हजारोंनी केलं आणि त्या रात्री आमचं स्टेडियम टेनेसीच्या केशरी रंगाने भरलं. टीव्हीवर ते दृश्य दिसलं तेव्हा मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, आपल्या सीटवर पण केशरीच असतील ना?" पहिल्या क्वार्टरमध्ये आम्ही २१-० पुढे होतो. सामना ४२-१७ जिंकला. मी घरी सोफ्यावर होतो.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. प्लेऑफच्या पुढच्या सामन्यात, रोझ बोलमध्ये, ओरेगॉनविरुद्ध ३४-० अशी आघाडी, शेवटी ४१-२१. जेरेमाया स्मिथचे एकट्याचे १८७ यार्ड. तीस नोव्हेंबरला ज्याच्याकडे चेंडू जात नव्हता, तोच हा पोरगा. म्हणजे डेने चूक मान्य केली आणि दुरुस्त केली. मग टेक्सास, २८-१४. टेक्सास बरोबरी साधायला गोलरेषेजवळ येऊन ठेपलं होतं तेव्हा सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत गेला. ती ८३ यार्ड मी उभ्यानेच पाहिली, बायको म्हणाली शेजारी उठतील. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामविरुद्ध ३४-२३, राष्ट्रीय विजेतेपद. शेवटचे तीन गुण कोणी मारले? मिशिगनविरुद्ध दोन किक चुकवलेल्या त्याच जेडन फील्डिंगने. त्या पोरालाही लोकांनी सोडलं नव्हतं, आणि डेने त्याला बाहेर बसवलं नव्हतं.

तीस नोव्हेंबरला डेचा हिशेब होता ६६ विजय, १० पराभव. माझं ऐकलं असतं तर त्या दिवशी तो संपला असता.

याचा अर्थ कोच कधीच बदलू नये असा होत नाही. ग्रुपवर एका मित्राने विचारलं, "इंडियानाने बदलला ना? मग?" प्रश्न चोख आहे. २०२३ ला ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) असलेल्या इंडियानाने कर्ट सिग्नेटीला कोच म्हणून आणलं आणि पुढच्याच वर्षी ११-२. २०२५ ला तर त्यांनी आम्हालाच हरवलं. आमच्या घरातलंही उदाहरण आहे. जॉन कूपर १९८८ ते २००० कोच होता, एरवी भरपूर जिंकायचा, पण मिशिगनविरुद्ध तेरा वर्षांत दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी. त्याला काढलं, जिम ट्रेसेल आला आणि २००२ ला विजेतेपद. तो बदल बरोबरच होता, मी कुणाशीही वाद घालणार नाही. तेरा वर्षं वाट पाहिल्यावर आणखी काय पाहायचं?

पण आमच्याच घरात अर्ल ब्रूसचीही गोष्ट आहे, आणि ती आपल्या ग्रुपवर कुणी काढत नाही. १९८७ चा हंगाम वाईट गेला म्हणून मिशिगनच्या सामन्याआधी काही दिवस त्याला काढल्याचं जाहीर झालं. त्याच्या पोरांनी काय केलं, तर कपाळाला 'अर्ल' लिहिलेल्या पट्ट्या बांधून मिशिगनच्या मैदानात उतरले आणि २३-२० जिंकून आले. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पोरांनी कपाळावर लिहून आणलं होतं. त्याच्या जागी आणला तो कूपर. त्यापुढची तेरा वर्षं वर सांगितलीच.

आणि नेब्रास्का बघा. २००३ ला फ्रँक सोलिचला ९-३ वर काढलं. २०१४ ला बो पेलिनीला, तोही ९-३ वर. नऊ विजय कमी वाटले. मग २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात हंगाम जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. पाच विजेतेपदं मिळवलेली ही टीम. ओमाहात माझा एक वर्गमित्र आहे, तो अजून दर शनिवारी लाल शर्ट घालतो आणि म्हणतो, मला ते नऊ विजय परत द्या.

पैशांचंही एकदा बोलू. टेक्सास ए अँड एमने २०२३ ला जिम्बो फिशरला काढलं तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं त्यांच्या अंगावर आलं. कोच घरी बसला आणि रक्कम चालू. ज्या युनिव्हर्सिटीत मी लायब्ररीत तासाच्या हिशेबाने काम करून फी भरली, तिने उद्या असा चेक फाडला तर मला ते सहन होणार नाही.

एक गोष्ट मात्र मी चर्चेलाही घेणार नाही. २०२४ च्या त्या दिवसांत डेच्या घराला सशस्त्र पहारा ठेवावा लागला होता. घरात बायको आणि तीन मुलं. या माणसाचे वडील तो लहान असतानाच आत्महत्या करून गेले, ते त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय, आणि इथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी त्याने आणि त्याच्या बायकोने निधी उभारलाय. तो आमच्यातच राहतो. त्याच्या मुलांच्या वर्गात आमच्यासारख्यांचीच मुलं आहेत. शिव्या स्टेडियममध्ये द्या, हवं तर माझ्यापेक्षा मोठ्याने द्या. घराच्या दारापर्यंत जाणाऱ्याला मी आपल्यातला मानत नाही, मग त्याच्या अंगात कुठल्याही रंगाचा शर्ट असो.

तर आता डेबद्दल माझं मत. तो राहावा. २०२५ च्या नोव्हेंबरात तो मिशिगनच्या मैदानात जाऊन २७-९ जिंकून आला, चार वर्षांची ती भळभळती जखम त्याने बंद केली. पण मायामी आणि इंडियाना विसरा असंही म्हणणार नाही. सामना अटीतटीचा झाला, गुण कमी असले, की हा माणूस हात आखडता घेतो, असं मला मिशिगनच्या वेळी वाटलं होतं आणि इंडियानाच्या वेळी पुन्हा वाटलं. एकदा १३-१० समजू शकतो. तेच दोनदा झालं तर त्याला सवय म्हणतात. ती त्याने मोडली पाहिजे, आणि ती मोडता येते हे त्यानेच त्या जानेवारीत दाखवलंय.

परवा बाबांना मायामीचं सांगितलं. ते आता ऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, तरी स्कोअर दोनदा विचारून घेतला. मग पुन्हा तोच प्रश्न, "पोरं काय म्हणत्यात?" या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, अजून कोचच्या बाजूने आहेत. "मग बस गप," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

येत्या नोव्हेंबरात मिशिगन आमच्याकडे येणार आहे. माझी दोन तिकिटं आत्तापासून धरून ठेवलीत. ग्रुपवरच्या कुणाला विकत हवी असतील तर मला विचारू नका.