दोन नाही, नऊ मिनिटं. तुमच्या एक स्टारला माझं उत्तर

नमस्कार साहेब,

मुलगा घरी आला, वरणभात खायला लागला असं आमच्या कंपाउंडरकडून कळलं, जिवात जीव आला. त्याचं अपेंडिक्स फुटलं, ऑपरेशन झालं, पोटात नळी घालून आठ दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, याचं मला खरंच वाईट वाटतंय. सॉरी. हे आधी बोलून घेतो कारण पुढे मी जे लिहिणारे त्यात ते हरवायला नको.

तुमचा रिव्ह्यू असा आहे, "पोरगा पोट धरून कळवळत होता, डॉक्टरने दोन मिनिटांत गॅस सांगून गोळी दिली, पोटाला हात पण लावला नाही, सोमवारी अपेंडिक्स फुटलेलं निघालं, दोनशे रुपये घेऊन जिवाशी खेळतात, पोलिसात देणार आणि ग्राहक कोर्टात पण खेचणार." माझ्या डॉक्टर मित्रांनी सांगितलं उत्तर देऊ नकोस, स्क्रीनशॉट काढतील, वकिलाला दाखवतील. काढू देत. पेशंटचं नाव, वय मी लिहीत नाही, चारचौघात पेशंटची माहिती काढायची नसते हे मला कळतं, पण तुम्हीच जेवढं मांडलंय त्यावर गप्प बसलो तर लोक म्हणतील खरंच असणार.

चोवीस वर्षं मी चिपळुणात बसतोय. तुमच्या आईंना मी काकी म्हणतो.

आता ती दोन मिनिटं. रिसेप्शनला कॅमेरा आहे, मागच्या वर्षी औषधांची चोरी झाली तेव्हा बसवला, तो मी स्वतः तीनदा बघितला. शनिवारी रात्री तुम्ही माझ्या केबिनमध्ये शिरलात ८.४१ ला आणि बाहेर पडलात ८.५० ला. नऊ मिनिटं होतात ती. ओपीडी साडेआठला बंद होते, शटर अर्धं खाली होतं, बायको गाडीत बसलेली, लग्नाला जायचं होतं, तरी मी परत आत येऊन दिवे लावले. आणि त्या नऊ मिनिटांतली दीड-दोन मिनिटं तुम्ही फोनवर होतात, कसल्यातरी वाळूच्या गाडीचं चाललं होतं, म्हणूनच बहुतेक तुम्ही बघितलं नाही की मी मुलाला टेबलावर झोपवून पोट दाबून बघितलं, चारही बाजूंनी, आणि मग खाली उतरवून एका पायावर उड्या मारायला लावल्या. पोटाच्या पडद्याला सूज पोचली असली की उडी मारताना पोर कळवळतं, मारतच नाही. ह्याने तीन मारल्या आणि हसला पण. हे इथे लिहायला नको खरं तर, पण "हात पण लावला नाही" हे वाक्य मला झोपू देत नाहीये.

अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती असतं, मोघम, कुठे दुखतं विचारलं तर पोर सगळ्या पोटावरून हात फिरवतं. नंतर काही तासांनी ते सरकून उजवीकडे खाली जातं, तेव्हा उलटी, बारीक ताप, भूक मेलेली असं चित्र जमतं. तुमचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा दुखायला लागून चार-पाच तास झाले होते, दुपारी गाड्यावरची पाणीपुरी खाल्ली होती, ताप नव्हता, उजवीकडे दाबून दुखत नव्हतं. त्या वेळी रक्त काढलं असतं तरी पांढऱ्या पेशी नॉर्मल येऊ शकल्या असत्या, सोनोग्राफीत पण अपेंडिक्स दरवेळी दिसतंच असं नाही, आणि रात्री नऊला इथे सोनोग्राफी कोण उघडून बसलंय ते तुम्हीच सांगा. म्हणून मी म्हणालो की गॅसेसचं वाटतंय पण दुखणं उजवीकडे सरकलं, उलटी झाली किंवा सकाळपर्यंत थांबलं नाही तर लगेच आणा, रविवार असला तरी फोन करा, नंबर बोर्डावर आहे.

फोन आला नाही.

रविवारी तुम्ही मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, हे तुम्हीच सर्जनना सांगितलंत, आणि रात्री "एकदम बरं वाटायला लागलं" हे पण तुमच्याच रिव्ह्यूत खाली आहे. साहेब, ते बरं वाटणं म्हणजेच बहुतेक ते फुटलं ती वेळ. आत जो ताण असतो तो फुटल्यावर सुटतो, थोडा वेळ आराम पडतो, आणि मग सगळ्या पोटात पू पसरतो. आईबापाला हे कुठून माहीत असणार, मी दोष देत नाहीये. पण रविवारी दुपारी आणलं असतंत तर, असं मनात येतंच. तुमच्याही येत असेल.

आता जे माझं आहे ते पण लिहितो. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी सगळी जुनी रजिस्टरं वाशिष्ठीने नेली, तेव्हापासून प्रत्येक केसपेपरचा फोटो काढून ठेवतो, तुमचाही काढलेला. काल मोठा करून बघितला. खाली मी लिहिलंय "रिव्ह्यू एसओएस". बस्स एवढंच. म्हणजे गरज पडली तर परत दाखवा. ते तुम्हाला कसं कळणार, आमच्या कंपाउंडरला वाचता आलं नाही. उजवीकडे सरकलं तर, उलटी झाली तर, हे सगळं मी तोंडी बोललो आणि त्यातलं थोडं तुमचा फोन चालू असताना बोललो. ते कागदावर मराठीत यायला हवं होतं. हे चुकलं माझं.

तुम्ही कोर्ट म्हणालात म्हणून दोन रात्री मी हेच वाचत बसलोय. तुम्हाला अडवत नाही. १९९५ पासून पैसे घेऊन तपासणारा डॉक्टर ग्राहक कायद्यात येतो, दोनशे घेतले म्हणजे मी आलोच, घटनेपासून दोन वर्षांत रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, एवढ्या छोट्या रकमेला फी पण लागत नाही. पोलिसांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यांना डॉक्टरवर कारवाई करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं. आपल्याकडचीच एक जुनी केस वाचली, १९५३ साली गुहागरजवळ पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, पुण्याला नेलं, तिथे भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि मुलगा गेला. बाप सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि जिंकला. कोर्ट म्हणालं केस घ्यायची की नाही, कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतलीच पाहिजे. ते वाचून मी बराच वेळ उठलो नाही, मलाही मुलगा आहे. दुसरी एक हैदराबादकडची, मलेरियाला टायफॉइड समजून औषधं दिली, बाई गेली, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन लाखांची भरपाई कायम केली आणि सांगितलं की दरवेळी एक्स्पर्टची साक्ष लागतेच असं नाही. म्हणजे तुमचा वकील तुम्हाला काही चुकीचं सांगत नसणार. पण तेच कोर्ट हेही म्हणत आलंय की निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, माझ्यासारख्या साध्या डॉक्टरने त्या वेळी, त्या पोटावर हात ठेवून काय केलं असतं ते बघायचं. त्या पोटावर माझा हात होता, एवढंच मी सांगतोय.

आणि एक. तुमच्या रिव्ह्यूनंतर दोन दिवसांत अकरा एक-स्टार पडले. त्यातल्या नऊ जणांची नावं माझ्याकडे कधीच नोंदलेली नाहीत, एक जण तर पुण्यात राहतो, त्याने लिहिलंय "फालतू डॉक्टर". तुमचा राग मला समजतो, त्यांचा नाही. रोजचे पन्नासेक पेशंट असायचे, या आठवड्यात तीसच्या वर गेलेले नाहीत, काल एका बाईंनी पोराला घेऊन येऊन आधी विचारलं, "डॉक्टर, पोट नीट बघणार ना?" कंपाउंडर आणि सिस्टर दोघांचे पगार याच्यातनंच निघतात. असो, हा तुमचा प्रश्न नाही.

यापुढे पोटदुखीच्या पेशंटला मराठीत छापलेली चिठ्ठी देणार आहे, कधी परत यायचं त्याची, छापायला टाकलीय, या नाहीतर पुढच्या आठवड्यात मिळेल. अल्व्हाराडो स्कोअर म्हणून एक मार्कांचा तक्ता असतो अपेंडिक्सचा, दहापैकी, तो टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. केबिनमध्ये फोन बंद ठेवा असा बोर्ड पण लावायचा विचार आहे, तुमच्यावर नाही, सगळ्यांसाठीच. बाकी पण काही सुधारणा करतोय.

केसपेपरची कॉपी तुम्ही मागितली होती, ती बहात्तर तासांत द्यायची असते, मी दुसऱ्याच दिवशी काढून पाकिटात ठेवलीय, मी काय लिहिलं होतं ते खाली टाइप करून जोडलंय म्हणजे वाचता येईल. कोर्टात जायचं असलं तरी लागेल ती. काउंटरला सिस्टरकडे मागा, पैसे नाहीत. मला भेटायचं असेल तर सकाळी साडेदहानंतर या, बसून बोलू. शनिवारी संध्याकाळी नको, गर्दी असते.