क्रूझवरून उतरायची घाई असेल तर ती आदल्या रात्री करा

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-बाबांचं आता नुसत्या नायगाऱ्यावर भागत नाही, क्रूझ लागते. फ्लोरिडातून निघायचं, बहामाज किंवा मेक्सिकोतली एक-दोन बंदरं करायची आणि परत निघालो तिथेच उतरायचं. आमच्या कोथरूडात अशी जोडपी आता प्रत्येक सोसायटीत सापडतील. परत आल्यावर सगळे जेवणाचं कौतुक करतात आणि शेवटच्या सकाळवर वैतागतात. "कस्टम्समध्ये दोन तास मोडले हो!"

मला हे पटत नाही. त्या दोन तासांतला मोठा हिस्सा कस्टम्सचा नसतो, आपला स्वतःचा असतो.

जहाज धक्क्याला लागलं म्हणजे लगेच दार उघडत नाही. प्रवाशांची यादी तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे आधीच पोचलेली असते, पण अधिकाऱ्यांनी जहाजाला मोकळीक दिल्याशिवाय एकही माणूस खाली उतरू शकत नाही. हे ठाऊक नसलेली मंडळी पहाटेपासून बॅगा घेऊन लिफ्टसमोर ठाण मांडतात. सिंहगड एक्सप्रेसने खडकी सोडलं की दारात गर्दी करणारे आपण, तिकडे जाऊन वेगळे थोडेच वागणार! फरक एवढाच, की जहाजावर ‘पुणे स्टेशन’ कधी येणार ते कुणालाच सांगता येत नाही. घोषणा होईपर्यंत जिन्यात उभं राहून मिळतं काय? पाय दुखतात आणि नाश्ता बुडतो.

माझं मत सरळ आहे. उतरायचं तर सगळ्यात आधी, नाहीतर सगळ्यात शेवटी. मधे कधीच नाही.

आधी उतरायचं तर आपलं सगळं सामान आपणच उचलून न्यायचं. बहुतेक क्रूझ कंपन्या ही सोय देतात, फक्त नाव आधी सांगून ठेवावं लागतं. आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या नाहीत, सकाळी टर्मिनलात शोधायच्या नाहीत. पण इथे आपली गोची होते. आपण चार दिवसांच्या सहलीलाही मोठी बॅग नेतो, वर एक सॅक, वर "असू दे जवळ" म्हणून घेतलेली कापडी पिशवी. त्या वेळी लिफ्ट भरलेल्या असतात आणि गँगवेचा, म्हणजे जहाजातून धक्क्यावर नेणाऱ्या पुलाचा, उतार सगळं स्वतः ओढत उतरावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर या वाटेला जाऊच नका. मुलगा म्हणाला "मी उचलतो बाबा", तरी नको. त्याच्याकडे त्याची दोन पोरं असतात.

शेवटी उतरणं हे ज्येष्ठांसाठी खरं सुख. केबिन साधारण आठ-साडेआठपर्यंत रिकामी करावी लागते, पण जहाजावर बसायला जागा भरपूर असते. पोटभर नाश्ता करा, डेकवर बसा, उतरायला आपल्या गटाचा नंबर येऊन गेला तरी उठू नका. गटागटाने उतरणारी गर्दी ओसरली की टर्मिनलातली रांगही बरीच आखूड झालेली असते. या सुखाला अट एकच, परतीचं विमान सकाळचं नको. आणि कोणतं बंदर आहे तेही बघा. फोर्ट लॉडरडेलचं बंदर विमानतळाला अगदी खेटून आहे, मायामीचं गाडीने थोड्या वेळावर, पण पोर्ट कॅनाव्हरलहून ऑरलँडोचा विमानतळ सत्तर किलोमीटरच्या पुढे आहे. "फ्लोरिडाच आहे, किती लांब असणार" या हिशोबाने अकराचं तिकीट काढणाऱ्यांना शेवटी उतरण्याचं सुख नाही. दुपारनंतरचं काढा.

आता आदली रात्र. मोठ्या बॅगांना रंगाचे किंवा नंबरचे टॅग लावून त्या रात्री दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी त्या टर्मिनलच्या हॉलमध्ये नंबरानुसार मांडलेल्या मिळतात. या बॅगांत काय जाऊ द्यायचं नाही याची यादी फ्रिजवर लावून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे: पासपोर्ट, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, आणि सकाळी घालायचे कपडे. हसू नका. सगळे कपडे भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी नाइट ड्रेसवर अमेरिकेत उतरले, असे काका असतात. बॅगेला लाल नाडी बांधा, कारण काळ्या बॅगांचा तिथे समुद्रच असतो. जहाजावरचं बिलही रात्रीच बघून घ्या. सकाळी दोन कॉफ्यांच्या पैशांवरून काउंटरवर वाद घालणारा प्रवासी आणि त्याच्यामागे ताटकळलेले वीस जण, हा वेळही लोक नंतर कस्टम्सच्याच नावावर मांडतात.

मग येतो अधिकारी. बऱ्याच टर्मिनलांत आता कॅमेरा चेहरा बघतो आणि व्हिसाच्या वेळी काढलेल्या फोटोशी पडताळतो. टोपी, गॉगल, मास्क काढून सरळ बघायचं. तरी पासपोर्ट हातातच ठेवा, पिशवीतल्या पिशवीतल्या पाकिटात नको.

इथे घरातल्या घरात तीन जाती पडतात. नातवाचा पासपोर्ट अमेरिकन, मुलाकडे ग्रीन कार्ड, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर. पासपोर्टची माहिती फोनवरूनच अधिकाऱ्यांना देणारं मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं सरकारी अॅप फुकट आहे, काही बंदरांवरही चालतं, पण ते नातवाला आणि मुलाला उपयोगी, आपल्या व्हिसावर नाही. ग्लोबल एंट्री, म्हणजे आधीच तपासलेल्या प्रवाशांना अमेरिकेत झटपट आत सोडणारी योजना, मात्र भारतीय नागरिकांना २०१७ पासून खुली आहे. फी १२० डॉलर, मुदत पाच वर्षं. पण भारतातली पार्श्वभूमी तपासणी आणि मुलाखत हे सव्यापसव्य एका क्रूझसाठी करू नये. दरवर्षी जाणार असाल तर जरूर करा. आणि सूनबाईंकडे ती आहे म्हणून सासूबाईंना त्यांच्यामागून जाता येत नाही, प्रत्येकाची वेगळी लागते.

अधिकारी तुम्हाला थांबवतो ते बहुतेकदा पर्समधल्या वस्तूंमुळे. बफेमधून उचललेलं सफरचंद किंवा केळं! "पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचं" ही आपली शिकवण तिथे नडते. फळं, भाज्या, मांस हे सगळं त्यांच्या डोळ्यावर येतं, आणि जहाजावर मिळालेलं फळही त्यातच मोडतं. ते तिथेच खाऊन टाका. जवळ बाकरवडीचं बंद पाकीट असेल तर त्याचं सहसा काही होत नाही, पण विचारलं तर "आहे" म्हणा. लपवलेली वस्तू सापडली की दंडाची गोष्ट सुरू होते.

सिंगापूरहून क्रूझ करणाऱ्यांची भानगड निराळी. मलेशिया, थायलंड करून परत सिंगापुरात उतरता तेव्हा ती तुमची नवी एंट्री असते. म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, आणि अरायव्हल कार्ड पुन्हा भरा. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी साइटवर, फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सिगारेटवर तिथे सवलत शून्य, एक पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरायचा. मलेशियातून आलात तर दारूवरही सवलत नाही, मग बाटली जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेली असली तरी. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, असेल तर घरी ठेवूनच निघा, तिथे त्यावर बंदीच आहे. मुंबई-गोवा क्रूझवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांना ओळखपत्र पुरतं.

एक गोष्ट कडू लागेल. रांग टळावी म्हणून धडधाकट माणसं व्हीलचेअर मागतात. विमानतळावर हे खपून जातं, क्रूझवर तेही साधत नाही, कारण ढकलणारी माणसं मोजकी असतात आणि एका जागी बसवून क्रमाने नेतात. आणि ज्या आजींना खरोखर चालता येत नाही, त्या तुमच्यामुळे आणखी थांबतात. टेकडी चढणाऱ्यांनी खुर्ची मागू नये.

मुंबईत उतरल्यावरची सोय मात्र खरंच चांगली झाली आहे. केंद्र सरकारच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत नाव नोंदवलं, बोटांचे ठसे दिले, की पासपोर्टची रांग ई-गेटने टळते. नोंदणी फुकट आहे. पट्ट्यावर बॅगेची वाट मात्र सगळ्यांसारखीच बघायची, त्यामुळे पुण्याच्या टॅक्सीवाल्याला विमान उतरण्याची वेळ सांगू नका, दीड तास पुढची सांगा. करमुक्त दारू माणशी दोन लिटर. कस्टम्सच्या जवळ कुणी सहप्रवासी हळूच म्हणाला, "ही एक बाटली तुमच्या नावावर धरता का हो?", तर सरळ नाही म्हणा, मग तो तुमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी का असेना.