दुसरी चावी घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ नका

माझ्या मामेभावाची सेकंड-हँड मोटारसायकल तीन आठवड्यांपूर्वी पोलिसांनी चोरीच्या संशयावरून नेली. त्याच्यावर गुन्हा नाही, तो आरोपीही नाही. परवा मामांनी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज पाठवला आणि हा दुसरी चावी खिशात घालून ठाण्याकडे निघाला. मामीचा फोन आला म्हणून मी त्याला वाटेत गाठलं. मेसेज असा: गुन्हा दाखल नसेल तर जप्ती बेकायदा, 24 तासांत गुन्हा दाखवला नाही तर वस्तू आपोआप तुमची, सरळ उचलून आणा, थांबलात तर खटला संपेपर्यंत विसरा.

आधी ते 24 तास. हा नियम माणसासाठी आहे. अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, राज्यघटनेचं कलम 22. मुद्देमालाला अशी मुदतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस आणि कोर्टाने फौजदारी कारवाई कशी करायची ते सांगणारा कायदा, त्याच्या कलम 106 प्रमाणे जप्तीची खबर न्यायदंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यावी लागते. पण ती उशिरा दिली म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये गोठवलेल्या बँक खात्याच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आणि ‘उचलून आणा’? गाडी स्वतःची असली तरी पोलिसांच्या कायदेशीर ताब्यातून परस्पर नेली तर ती चोरी ठरू शकते. ज्या पोरावर आजवर एक गुन्हा नाही, त्याच्यावर पहिला गुन्हा या मेसेजमुळे लागला असता. असलं काही पुढे ढकलण्याआधी एखाद्या वकिलाला विचारायला काय होतं?

‘गुन्ह्याशिवाय जप्ती नाही’ हे अर्धवट. कलम 106 ला तुमच्या नावाचा गुन्हा लागत नाही, वस्तू चोरीची असल्याचा संशय पुरतो. मात्र एवढं मान्य करावं लागेल की ‘ठेव गाडी इथे’ म्हणून तोंडी जप्तीही चालत नाही. पंचनामा हवा, जप्त वस्तूंची साक्षीदारांच्या सह्या असलेली यादी हवी, आणि 1 जुलै 2024 पासून कलम 105 खाली त्याचं चित्रीकरणही हवं. हातात कागद नसेल तर आधी तो मागा.

राहिलं ‘खटला संपेपर्यंत विसरा’. हे वाचून लोक हात टेकतात किंवा ‘मिटवून घ्यायला’ पैसे घेऊन जातात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडवण्यात अर्थ नाही. फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि गाडी द्या. मुद्देमाल ठाण्यात फार तर 15 दिवस ते एक महिना असावा, हेही त्यातच आहे. वस्तू कोर्टापुढे हजर केलेली नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 503 खाली अर्ज करायचा. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं आणि पटलं तर गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे अटी लिहून घेऊन तात्पुरत्या ताब्यात, सोडतं. ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची, अशा अटी असतात.

भावाची खरी अडचण वेगळीच निघाली. आरसी बुक अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, आणि कोर्ट पहिल्यांदा तेच बघणार. म्हणून उद्या सकाळी आम्ही दोघं विक्रीची पावती घेऊन त्या मालकाकडे जातोय, त्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं की लगेच अर्ज.