कोणता देश किती उदार? आधी सांगा, कशात

परवा एका मित्राने जगाचा नकाशा पाठवला. उदारमतवादी देश निळे, पुराणमतवादी देश लाल आणि मधले सगळे जांभळ्या छटांमध्ये. खाली त्याने लिहिलं होतं, "एका नजरेत कळतं बघ, कोण कुठे आहे." मी तो बराच वेळ पाहत बसलो आणि जसजसा पाहत गेलो तसतसा तो मनातून उतरत गेला. रंग चुकीचे दिलेत अशी माझी तक्रार नाही. अख्ख्या देशाला एकच रंग देता येतो, हेच मला पटत नाही. त्याला ते दोन ओळींत समजावता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. कुणी कुणाशी लग्न करावं, बाईने मूल कधी जन्माला घालावं, कुणी कोणता देव मानावा किंवा मानूच नये, यात सरकारने नाक खुपसू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणजे मी त्या निळ्या रंगाच्या बाजूचा माणूस. आणि म्हणूनच तो रंग इतक्या सैल हाताने फासलेला मला बघवत नाही.

जपान घ्या. तिथे १९४८ पासून गर्भपाताला कायद्याने वाट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला तो १९७३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. १९६१ पासून जपानमध्ये प्रत्येकाला सार्वजनिक आरोग्यविम्याचं छत्र आहे, आणि बंदुकीचा परवाना मिळवणं महाकठीण. एवढंच वाचलं तर हा देश गडद निळा वाटेल. पण याच देशात नवरा-बायकोने एकच आडनाव लावण्याची कायद्याने सक्ती आहे आणि शंभरातल्या सुमारे पंचाण्णव लग्नांत आडनाव बदलते ती बायको. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेला धरून असल्याचं सांगितलं. फाशीची शिक्षा अजून आहे, आणि कैद्याला ती कळते त्याच दिवशी, काही तास आधी. गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळायला १९९९ साल उजाडलं. त्याच वर्षी व्हायग्राला मात्र सहा महिन्यांच्या आत परवानगी मिळाली होती.

आता तो १९४८ चा कायदा जरा उघडून बघू. तो बायकांच्या हक्कांसाठी आलाच नव्हता. युद्धानंतरची वाढती लोकसंख्या आणि 'निकृष्ट' संतती जन्माला येऊ नये हा सुप्रजननाचा विचार, यांतून तो आला. त्याच कायद्याखाली हजारो अपंग आणि मनोरुग्ण माणसांची जबरदस्तीने नसबंदी झाली आणि हे कलम १९९६ पर्यंत पुस्तकात राहिलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं तेव्हा दाद मागणारे बरेचसे लोक म्हातारे झाले होते. आणि विवाहित बाईला गर्भपातासाठी सर्वसाधारणपणे नवऱ्याची संमती आजही लागते. मग 'जपानमध्ये गर्भपात कायदेशीर' या एका वाक्यावरून त्या देशाला कोणता रंग द्यायचा? ज्या कायद्याने एका बाईची सुटका केली, त्यानेच दुसरीला टेबलावर बांधलं.

गर्भपाताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण अमेरिका आणि युरोप यांची तुलना नेहमी याच मुद्द्यावर होते. २०२२ च्या जूनमध्ये 'रो'चा निकाल रद्द झाला तो मिसिसिपी राज्याच्या एका कायद्यावरून. त्या कायद्यात मर्यादा होती पंधरा आठवड्यांची. जर्मनीत गर्भपात आजही दंडसंहितेच्या २१८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सक्तीचं समुपदेशन घेतलं, त्यानंतर तीन दिवस थांबलं आणि पहिल्या बारा आठवड्यांत केला, तर शिक्षा होत नाही इतकंच. नुसते आठवडे मोजले तर मिसिसिपीचा तो कायदा जर्मनीपेक्षा सैल होता! अमेरिकेतले पुराणमतवादी हा मुद्दा मोठ्या हौसेने मांडत आणि आकडा म्हणून तो खराही होता. पण 'रो' गेल्यावर मिसिसिपीत जवळपास संपूर्ण बंदी आली. जर्मनीतल्या बाईला तसा तडाखा बसला नाही. तेव्हा आकडा खरा असूनही तुलना फसवी असू शकते. कायदा कोणत्या दिशेने निघालाय हे त्यात दिसत नाही.

शब्दांचा घोळ तर विचारू नका. ऑस्ट्रेलियातला 'लिबरल पक्ष' हा तिथल्या उजव्यांचा मुख्य पक्ष. जपानवर १९५५ पासून बहुतेक काळ राज्य करणारा 'लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष' हा तिथल्या परंपरावाद्यांचा. रशियात याच नावाचा पक्ष कडव्या राष्ट्रवाद्यांचा. अमेरिकेत 'लिबरल' म्हटलं की डावीकडचा माणूस डोळ्यांपुढे येतो, तर युरोपात कित्येक ठिकाणी कमी कर आणि मोकळा बाजार मागणारा. आणि आपण एकच शब्द सगळीकडे चिकटवतो.

खरं तर मराठी वाचकाला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करण्याचा तो प्रश्न होता. राजकारणात जहाल असलेले टिळक परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून त्याच्या विरोधात उभे राहिले. सुधारणेच्या बाजूने कोण होतं? सरकारशी अर्ज-विनंत्यांच्या भाषेत बोलणारे रानडे, आणि कुणाचीच भीड न ठेवणारे आगरकर. 'आधी राजकीय की आधी सामाजिक' हा वाद आपल्याच भाषेत इतका रंगला की एकाच माणसात पुढारलेपण आणि सनातनीपण शेजारी-शेजारी नांदू शकतं हे आपल्याला पाठ असायला हवं. एका माणसाच्या बाबतीत जे कळतं, ते कोट्यवधी माणसांच्या देशाबद्दल बोलताना आपण कसं विसरतो?

ज्यांनी हा अभ्यास मन लावून केला त्यांनाही एक पट्टी पुरली नाही. १९८१ पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणावरून इंगलहार्ट आणि वेल्झेल या राज्यशास्त्रज्ञांनी नकाशा काढला, तो दोन अक्षांवर. एका अक्षावर परंपरा आणि धर्माचा पगडा किती, हे. दुसऱ्यावर माणसाचा कल नुसता जगण्याच्या सुरक्षिततेकडे आहे की स्वतःला व्यक्त करण्याकडे, हे. त्यात अमेरिका इतर श्रीमंत देशांच्या तुलनेत जास्त धार्मिक दिसते, पण व्यक्त होण्याच्या बाबतीत वर. पूर्वाश्रमीचे बरेच कम्युनिस्ट देश बरोबर उलटे, धर्म बाजूला ठेवणारे पण व्यक्तिस्वातंत्र्याला कमी महत्त्व देणारे.

त्या कम्युनिस्ट देशांची कहाणी स्वतंत्रच आहे. सोव्हिएत रशियाने १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर केला, जगात सगळ्यांच्या आधी. स्टालिनने १९३६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि १९५५ मध्ये ती उठली. रुमानियात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये उलटा फतवा काढला आणि लोकसंख्या वाढवायची म्हणून बायकांच्या पोटावर पहारे बसवले. बेकायदा गर्भपातात हजारो बायका मेल्या. अर्थकारणात डावं टोक आणि घरात शिरणारं सरकार. याला निळा म्हणायचं की लाल?

पैशाच्या बाबतीत स्वीडनचं नाव डाव्यांच्या तोंडी असतं. पण स्वीडनने वारसा कर रद्द केलाय, संपत्ती करही २००७ मध्ये काढला, आणि तिथे कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही, ते कामगार संघटना आणि मालक आपापसात ठरवतात. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर किमान वेतनाचा कायदा १९३८ पासून आहे.

यापेक्षा मला जास्त सलतो तो दुसराच प्रश्न. उदार, पण कुणासाठी? समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी करणारा जगातला पहिला देश डेन्मार्क, वर्ष १९८९. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. त्याच डेन्मार्कमध्ये २०१६ पासून, आश्रय मागायला आलेल्या माणसाजवळ ठरावीक रकमेपेक्षा जास्त किमतीचा ऐवज असेल तर तो सरकार काढून घेऊ शकतं. २०१८ पासून, जिथे परदेशी वंशाची वस्ती जास्त आहे असे काही भाग सरकारने यादीत घातले आणि तिथल्या मुलांना वयाच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला पंचवीस तास पाळणाघरात पाठवणं सक्तीचं केलं. डॅनिश रीतीभाती शिकाव्यात म्हणून. ज्या उदारपणाला चामडीचा आणि धर्माचा दाखला लागतो, त्याला उदारपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कायदा आणि रस्ता यांच्यातलं अंतर हाही असाच दुखरा भाग. लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही असं राज्यघटनेतच लिहिणारा पहिला देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. १९९६ ची घटना, आणि २००६ पासून समलिंगी विवाह कायदेशीर. त्याच देशाच्या वस्त्यांमध्ये समलिंगी स्त्रियांवर बलात्कार आणि खून होत राहिले. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात साठ टक्क्यांहून जास्त बायका आहेत, जगात सर्वाधिक. आणि २०२४ च्या निवडणुकीत त्याच देशाच्या अध्यक्षांना नव्व्याण्णव टक्के मतं पडली. ज्या देशात विरोधकाला जागाच उरलेली नाही, तिथल्या संसदेतल्या बायकांना किती बोलता येत असेल?

यावर मित्र म्हणाला, "म्हणजे तुझ्या मते सगळे सारखेच?" नाही. अजिबात नाही. कुणावर प्रेम केलं म्हणून माणसाला मारणारं राज्य आणि तसं न करणारं राज्य यांत फरक आहे, आणि तो ठणकावून सांगायला हवा. तुलना कराच. पण एका वेळी एकच प्रश्न घ्या, वर्ष लिहा, आणि कायद्याच्या पुस्तकाबरोबर त्या देशातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडेही बघा.

मला खरा राग येतो तो रंगामुळे होणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीचा. लाल रंग दिला की आपण म्हणतो, 'ते लोक तसेच आहेत.' २०२२ मध्ये इराणच्या रस्त्यांवर डोक्यावरचा रुमाल काढून जाळणाऱ्या पोरी त्या लाल रंगात कुठे दिसतात? आणि निळा दिला की वाटतं, हे असंच होतं आणि असंच राहणार. पोलंड बघा. साठच्या दशकात स्वीडनमधल्या बायका गर्भपातासाठी पोलंडला जात असत! १९९३ मध्ये पोलंडने कायदा कडक केला, २०२० च्या न्यायालयीन निकालाने उरलीसुरली दारंही जवळपास बंद झाली आणि आता पोलंडच्या बायका देशाबाहेर जातात. तीच वाट, फक्त उलटी.

आणि आयर्लंड. १९८३ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी गर्भाच्या जगण्याचा हक्क आईच्या हक्काइतकाच मानणारी दुरुस्ती घटनेत घातली. बाजूने जवळपास सदुसष्ट टक्के. समलिंगी संबंध गुन्हा होते १९९३ पर्यंत. घटस्फोटावरची बंदी १९९५ मध्ये उठली ती अवघ्या नऊ हजारांच्या आसपास मताधिक्याने, इतकी काठावर. मग २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला बासष्ट टक्क्यांनी होकार, आणि २०१८ मध्ये तीच १९८३ ची दुरुस्ती काढून टाकायला सहासष्ट टक्क्यांहून अधिक. जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात, बरोबर उलटा कौल, पस्तीस वर्षांत. हे आपोआप झालं नाही. घरोघर जाऊन, आपल्या आयुष्यातली लाज वाटायला लावलेली गोष्ट अनोळखी माणसाला दारात उभं राहून सांगणाऱ्या बायकांनी ते केलं. परदेशी गेलेले तरुण एका मतासाठी विमानं पकडून घरी आले.

त्या पस्तीस वर्षांत सविता हलप्पनवार होती. मूळची बेळगावची, दातांची डॉक्टर, वय एकतीस. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तिने गर्भपात मागितला होता, आणि गर्भाचे ठोके सुरू असल्याने तो नाकारला गेला. जंतुसंसर्गाने ती गेली. २०१८ च्या सार्वमताच्या वेळी डब्लिनमधल्या एका भिंतीवर तिचा चेहरा रंगवलेला होता. निकालाच्या दिवशी लोक तिथे येत राहिले, फुलं ठेवत राहिले, छोट्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवत राहिले. कित्येक चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितलेली होती.