‘मूत्राशयाचा कॅन्सर म्हाताऱ्यांनाच होतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, वाच. म्हणजे आता दुर्बिणीची तपासणी नको.’ (लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघतात, ती तपासणी.) भाऊ 36 वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी एकदा लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी साफ. मागच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन्ही वेळचे फोटो त्याच्या फोनमध्ये आहेत. दुसऱ्यात दोऱ्यासारखी बारीक गुठळीही दिसते.

फॉरवर्डचं म्हणणं असं: हा कॅन्सर म्हाताऱ्यांनाच होतो, तरुणांच्या लघवीतलं रक्त म्हणजे उष्णता नाहीतर इन्फेक्शन, रक्त आपोआप थांबलं तर कॅन्सर नाहीच, आणि सत्तरीनंतर उपचारांचा उपयोग नसतो.

आधी रक्त थांबण्याचं बोलते, कारण सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. मूत्राशयाच्या अस्तरावर झुपक्यासारखी नाजूक गाठ वाढते. तिच्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्त येतं, मग थांबतं. गाठ असते तिथेच असते. मधे कित्येक आठवडे, कधी महिनेही लघवी स्वच्छ दिसते. न दुखता येणारं, आपोआप थांबणारं रक्त हेच या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं पहिलं लक्षण. आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेच लक्षण ‘कॅन्सर नाही’ याचा पुरावा म्हणून पसरवलंय! वाचून माझ्या हातापायांतलं बळ गेलं, मग संताप आला.

वयाचं अर्धसत्य नाइलाजाने मान्य करते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या आकड्यांप्रमाणे दहापैकी नऊ रुग्ण 55च्या पुढचे, निदानाच्या वेळचं सरासरी वय 73. पण दहावा कोण? तरुणांमध्ये बहुतेकदा खडा किंवा इन्फेक्शन निघतं हेही खरं, पण ते तपासल्यावर कळतं, घरी बसून नाही. बायकांना तर युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) न करताच अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले जातात आणि निदान लांबतं.

फरक आहे तो असा, की तरुणांच्या गाठी जास्त करून वरवरच्या आणि कमी ग्रेडच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या असतात. म्हणजे लवकर गेलात तर फायदा तुमचाच. गाठ एकदा मूत्राशयाच्या स्नायूत शिरली की 36 वर्षांचं वय कामाला येत नाही.

उष्णतेचं एका ओळीत: पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते, लाल नाही.

सत्तरीचं म्हणाल, तर वरवरची गाठ लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून काढतात, पोटावर टाका पडत नाही. मूत्राशय काढायचं का, केमो झेपेल का, हे किडनी, हृदय आणि माणूस किती हिंडता-फिरता आहे ते बघून ठरतं, जन्मसाल बघून नाही. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत म्हणून लघवीतलं रक्त सोडून देऊ नका, तेव्हाही तपासणी लागतेच.

अख्ख्या फॉरवर्डमध्ये सिगरेटचा उल्लेख नाही. या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसमागे धूम्रपान आहे. धुरातली विषारी द्रव्यं किडनीतून गाळून मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. भाऊ कॉलेजपासून ओढतो.

रात्रीच फोन केला. आधी चिडला, मग बराच वेळ गप्प बसला. दुर्बिणीची तारीख गुरुवारची घेतलीय. ज्या चौघांना त्याने तो मेसेज पुढे पाठवला होता, त्यांना हेही पाठवायला सांगितलंय.