ज्युरीत बसायचंय? मग आधी मारायची तयारी दाखवा

आज मंडळाच्या ग्रुपवर परत तेच. "अमेरिकेसारखं पाहिजे, खून केला, पकडला, इंजेक्शन, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. राहवत नाहीये म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

कुठे संपतो हो विषय? इथे अमेरिकेत मृत्युदंडाची शिक्षा झाल्यावर माणसं वीस-वीस वर्षं डेथ रोवर, म्हणजे मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठड्यांत असतात, अपिलांवर अपिलं चालू, आणि ५० पैकी २३ राज्यांत तर ही शिक्षाच नाहीये. मी राहते टेक्सासमध्ये, १९७६ नंतर सगळ्यात जास्त माणसं याच राज्याने मारलीयेत.

सिटिझन झाल्यावर मला ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटल्याचा निर्णय द्यायला साध्या नागरिकांना बसवतात त्याचं, पत्र आलं होतं. खुनाची केस, सरकार डेथ पेनल्टी मागणार होतं. आधी जाडजूड फॉर्म भरून घेतला, मग एकेकाला आत बोलावलं. सरकारी वकीलबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, पुरावा पटला तर तुम्ही मृत्युदंडाच्या बाजूने मत देऊ शकाल का? समोर आरोपी बसलेला, नवीन शर्ट, पाकिटातल्या घड्या अजून तशाच. मी म्हटलं, नाही, माझ्याच्याने होणार नाही. थँक यू मॅम. झालं, मी बाहेर पार्किंगमध्ये.

म्हणजे बघा, मला हे जमणार नाही असं जो सरळ सांगतो त्याला आधीच चाळून बाहेर काढायचं, तेही कायद्याने, आणि मग उरलेल्यांतल्या बारा जणांनी एकमताने मृत्युदंडाला होकार दिला की म्हणायचं हा समाजाचा निर्णय! "खुन्याला सरसकट मारा" म्हणणाऱ्यालाही काढतात, मान्य. पण मला काय विचारलं ते मी विसरू शकत नाही.

आमच्या डॅलसपासून तासाभरावर कॉर्सिकाना आहे. तिथे १९९१ मध्ये ख्रिसमसच्या दोन दिवस आधी कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमचं घर जळलं, तीन लहान मुली गेल्या. तपासणारे म्हणाले यानेच पेटवलं, तुरुंगातला एक कैदी म्हणाला माझ्याकडे कबूल केलं. गुन्हा कबूल कर, जन्मठेपेवर सुटशील, अशी ऑफर होती, तो नाही म्हणाला, मी केलंच नाही तर कबूल काय करू. शेवटी आगीच्या एका तज्ज्ञाने लिहून दिलं की ज्या खुणांवरून आग लावली म्हणताय त्या साध्या आगीतही पडतात, खोलीच्या खोली पेटली की पडतातच. तो रिपोर्ट वेळेत पोचूनही २००४ मध्ये मारलंच त्याला. त्याच्या ज्युरीत माझ्यासारखी कोण असणार? आली असली तरी थँक यू मॅम.

आणि १९७३ पासून २०० च्या आसपास लोक डेथ रोवरून निर्दोष सुटलेत. काही जणांचं अख्खं तारुण्य गेलं आत. हे सापडलेले, न सापडलेल्यांचं काय?

ज्यांच्या घरातलं माणूस कोणी मारलंय त्यांच्या रागाबद्दल मी काही बोलणार नाही. तो खरा असतो, तिथे मी गप्प. मला बोलावलेल्या केसमधल्या आरोपीच्या मागच्या बाकावरही एक बाई फोटो मांडीवर धरून बसली होती, तिच्याकडे मला बघवलं नाही.

पण २०२४ ची मिझुरीची मार्सेलस विल्यम्सची केस बघा. तिथल्या सरकारी वकिलांच्याच ऑफिसने सांगितलं, शिक्षा रद्द करा. जिचा खून झाला तिच्या घरचे म्हणाले, याला मारू नका, जन्मठेप चालेल. गव्हर्नरने ऐकलं नाही, सुप्रीम कोर्टाने थांबवलं नाही, २४ सप्टेंबरला संपवलं.

मग केलं कोणासाठी हे? सांगा ना कोणीतरी. इथेच लिहा, फोन करून माझी समजूत घालू नका.