खुलासा: न्यूट्रॉन निघाले म्हणजे वीज मिळाली असं नाही

‘सेकंदाला अनेक स्पंद सोडणाऱ्या छोट्या लेझरने फ्यूजन साधलं, आता विजेचा प्रश्न मिटला’ असा मेसेज फिरतोय. पहिला भाग खरा आहे. फ्यूजन म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं एकत्र येऊन ऊर्जा बाहेर पडणं. 1999 मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत टेबलावर मावणाऱ्या लेझरने ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) अणुपुंज, म्हणजे अणूंचे बारीक गोळे, तापवून फ्यूजन घडवलं गेलं. पण हिशेब पाहा. एका स्पंदात, म्हणजे लेझरच्या एका क्षणिक झोतात, 0.12 ज्यूल ऊर्जा ओतली, न्यूट्रॉन (फ्यूजनमधून बाहेर पडणारे कण) निघाले सुमारे 10,000. त्या फ्यूजनची ऊर्जा ओतलेल्या ऊर्जेचा साधारण एक कोटीवा हिस्सा! स्पंद वाढवले की न्यूट्रॉन वाढतात, पण खर्चही तितकाच वाढतो. लेझर कितीही कार्यक्षम केला तरी त्याने ही दरी भरत नाही. या न्यूट्रॉनचं खरं मोल वेगळं आहे: पदार्थाची आतून तपासणी, फ्यूजन अणुभट्टीच्या भिंतींच्या साहित्याची चाचणी. तिथे मात्र झपाट्याने येणारे स्पंद हवेच.